वाजले किती, हे सात वेळा विचारू नये

शनिवार सकाळ. पोहे झाले, दुसरा चहाही झाला. गेले तीन शनिवार इथे काही लिहिलं नाही, त्याला कारण एक ओळ आहे. अक्षरशः कोडमधली एक ओळ. आठ महिन्यांपूर्वी मीच घातलेली आणि परवा गुरुवारी मीच खोडलेली. मधल्या आठ महिन्यांत तिने काय उद्योग केले ते आज सांगतो.

आधीच सांगून ठेवतो, आज थोडं तांत्रिक आहे. पण कर्नल म्हटल्यावर ज्यांना मिशावाले मिलिटरीतले कर्नल आठवतात त्यांनीही पळून जाऊ नका. गोष्ट शेवटी दुधाची आणि एका माणसाच्या पगाराची आहे.

मी पोटापाण्यासाठी डिव्हाइस ड्रायव्हर लिहितो. आईला सांगताना "कॉम्प्युटर आणि बारक्या चिपा यांच्यातला दुभाष्या" असं सांगतो आणि तिचं समाधान होतं. प्रत्येक चिपच्या पोटात खण असतात, नंबर घातलेले. पोस्टात भिंतीवर असतात ना, तसे. त्यांना रजिस्टर म्हणतात. एखाद्या खणात तापमान, एखाद्यात वेळ, एखाद्यात "चालू की बंद". माझं काम म्हणजे योग्य खणातून योग्य वेळी वाचणं आणि योग्य खणात लिहिणं. ऐकायला सोपं आहे, आणि बहुतेक दिवशी असतंही.

आमचा एक डबा दूध संकलन केंद्रांवर बसतो. गावोगावचं दूध केंद्रावर येतं आणि मोठ्या टाकीत, म्हणजे बल्क कूलरमधे, चार अंशांपर्यंत गार होतं. मग सकाळी टँकर येऊन घेऊन जातो. आमचा डबा दर तासाच्या ठोक्याला दुधाचं तापमान वाचतो, त्यावर वेळ घालतो आणि नोंद ठेवतो. दूध रात्रभर नीट गार होतं की नाही, याचा तो पुरावा. केंद्रांवर नेट नसतं, म्हणून महिन्यातून एकदा कुणीतरी जाऊन पेनड्राइव्हवर नोंदी घेऊन येतो. आणि नोंदीवरची वेळ लिनक्सच्या चालू घड्याळाची न घालता थेट घड्याळाच्या चिपकडून घ्यायची, असा ऑडिटवाल्यांचा हट्ट. कारण त्या चिपला सेल असतो, लाइट गेली तरी ती चालू राहते.

पहिला डबा बसवायला मी स्वतः गेलो होतो, कोल्हापूरकडे. केंद्र सांभाळणाऱ्या काकांनी पितळी पेल्यात दूध दिलं, मी डबा भिंतीला ठोकत असताना स्टूल धरून उभे राहिले आणि एकच शंका विचारली.

"साहेब, ह्यातलं घड्याळ मागं तर पडत न्हाई न्हवं? आमचं भिंतीवरलं रोज पाच मिंटं पडतंय."

"नाही काका, ह्यात सेल आहे. हे नाही चुकायचं."

हे वाक्य मला गेल्या तीन आठवड्यांत बरेचदा आठवलंय.

तर तीन आठवड्यांपूर्वी सोमवारी एक तक्रार आली. सतरा नंबरच्या केंद्रावर, म्हणजे काकांच्याच, घड्याळात ढवळाढवळ झाल्याचा संशय. सोबत नोंदींचा तुकडा होता. रात्री नऊची नोंद बरोबर. दहाची नोंद नाहीच. तिच्याऐवजी १०:५९:५९ ची नोंद. आणि त्याच्यामागे लगेच एका सेकंदाने ११:००:०० ची.

डेअरीच्या सुपरवायझरने याचा अर्थ लावला होता, आणि खरं सांगायचं तर मी त्याच्या जागी असतो तर मीही तोच लावला असता. त्या संध्याकाळी लाइट गेली होती. लाइट गेली की जनरेटर चालवायचा, त्याचं डिझेल डेअरी देते. म्हणजे काकांनी जनरेटर चालवलाच नाही, डिझेल विकलं, आणि मधला तास झाकायला घड्याळ पुढे-मागे केलं! पुढची मेख अशी की मागच्या चार महिन्यांत त्या केंद्रावर अशी नोंद आणखी दोनदा सापडली, आणि दोन्ही वेळा थोड्या वेळापूर्वी लाइट गेलेली. काकांचा त्या महिन्याचा पगार अडकवून ठेवला होता. डब्याला तर कुलूप होतं, पण कुलपाची किल्ली काकांकडेच.

तक्रारीत आम्हाला एवढंच विचारलं होतं: "बाहेरून घड्याळ बदलता येतं का?" उत्तर "हो, किल्ली असेल तर येतं." मी तसं टाइप करून ठेवलंसुद्धा. पाठवलं नाही ते केवळ जेवायची वेळ झाली म्हणून.

जेवून आलो आणि पहिल्यांदा तापमानाच्या रकान्याकडे पाहिलं. १०:५९:५९ ला ६.१ अंश. ११:००:०० ला ४.३ अंश. एका सेकंदात दोन हजार लिटर दूध जवळजवळ दोन अंशांनी गार?! असा कूलर कुणी बनवला असता तर आम्ही सगळे नोकऱ्या सोडून त्याच्याकडे गेलो असतो. म्हणजे ह्या दोन नोंदींमधे खरंच एक तास गेला होता. आणि तासाभरात दूध व्यवस्थित गार झालं होतं, म्हणजे जनरेटर चालू होता. दहाची नोंद दहालाच झाली होती. फक्त तिच्यावरची वेळ खोटी होती.

आणि खोटी कशी, तर ९:५९:५९ मधले मिनिटं-सेकंद आणि १०:००:०० मधला तास.

मी डोंबिवलीचा. कॉलेजची चार वर्षं लोकलने काढली. फलाटावर धावत पोचताना इंडिकेटर वाचायचा एक प्रकार असतो. आधी गाडीचं नाव दिसतं, मग जिन्यातल्या गर्दीत क्षणभर डोकं खाली, मग पुन्हा वर बघून "फास्ट की स्लो" वाचायचं. मधल्या क्षणात इंडिकेटर बदलला तर नाव गेलेल्या गाडीचं आणि "फास्ट" येणाऱ्या गाडीचं. इंडिकेटर दोन्ही वेळा खरं बोललेला असतो. तुम्ही मात्र अशा गाडीत चढायच्या तयारीत असता जी अस्तित्वातच नाही.

आमच्या डब्याने नेमकं हेच केलं होतं.

आमच्याकडची घड्याळाची चिप म्हणजे डीएस१३०७, जुनी आणि सर्वांच्या ओळखीची. तिचे पहिले सात खण ओळीने: सेकंद, मिनिटं, तास, वार, तारीख, महिना, वर्ष. ती आयटूसी नावाच्या दोन तारांवरून बोलते, सेकंदाला एक लाख बिट्स या वेगाने. एका बाइटला पोचपावती धरून नऊ बिट्स लागतात. एक खण वाचायचा तर चार बाइट्सची देवाणघेवाण होते: चिपचा पत्ता, खणाचा नंबर, पुन्हा पत्ता, मग उत्तर. म्हणजे साधारण ०.३६ मिलिसेकंद. सात खण सुटे सुटे वाचले तर अडीच मिलिसेकंद. तेच "पहिल्या खणापासून सात दे" असं एकदम मागितलं तर मिळून दहा बाइट्स, ०.९ मिलिसेकंद.

यालाच बल्क रीड म्हणतात. आणि बहुतेक लोकांना, म्हणजे परवापर्यंत मलाही, ती फक्त वेळ वाचवायची सोय वाटते. वाण्याकडे सात खेपा घालण्यापेक्षा यादी घेऊन एकदा जावं, तशी. दीड मिलिसेकंदासाठी कोण जीव काढतो? सुटं वाचा, काय बिघडलं?

बिघडतं ते असं. डीएस१३०७ च्या माहितीपत्रकात एक वाक्य आहे, जे मी वाचलं होतं आणि विसरलो होतो. तारेवर संभाषण सुरू झाल्याची खूण मिळाली, की ही चिप चालत्या घड्याळाची एक प्रत काढून बाजूला ठेवते आणि पुढचं सगळं वाचन त्या प्रतीतून देते. म्हणजे एका दमात सात खण मागितले तर ते सातही एकाच क्षणाचे असतात, आत घड्याळ पुढे गेलं तरी. पण सात वेळा संभाषण सुरू केलंत तर सात वेळा नवी प्रत. सेकंद एका क्षणाचे, तास पुढच्या क्षणाचा. चिप बनवणाऱ्यांनी ही काळजी घेतली होती. मी ती सात तुकडे करून फेकून दिली होती. अशा वाचनाला इंग्रजीत टॉर्न रीड म्हणतात. फाटकं वाचन.

लिहितानाही हीच गंमत. घड्याळ लावताना सेकंदांच्या खणात लिहिलं की चिप आतला मोजणारा भाग शून्यापासून सुरू करते, आणि बाकीचे खण एका सेकंदाच्या आत लिहून संपवा असं सांगते. नाहीतर मधेच आकडा उलटायचा. एका दमात लिहिलं की प्रश्नच येत नाही.

आता ती ओळ.

लिनक्समधे ह्या खणांच्या वाचन-लेखनासाठी रेगमॅप नावाची एक सामाईक व्यवस्था आहे. साउंड चिप्सच्या ड्रायव्हर्समधे तोच तो कोड पुन्हा पुन्हा लिहिला जात होता, त्यातून मार्क ब्राउन यांनी ती बाहेर काढली आणि २०११ साली कर्नलच्या ३.१ आवृत्तीत ती आली. तुम्ही फक्त एक तक्ता भरायचा: खणाचा नंबर किती बिट्सचा, आतली किंमत किती बिट्सची, वगैरे. डीएस१३०७ च्या मूळ ड्रायव्हरमधे या तक्त्यात दोनच ओळी आहेत, आठ आणि आठ. मी तिसरी वाढवली होती:

यूज_सिंगल_रीड = ट्रू.

म्हणजे "वाचायचं ते एकेक करून वाच". का, तर तेव्हा नवीन बोर्ड आलं होतं आणि त्याच्या आयटूसी कंट्रोलरच्या ड्रायव्हरमधे घोळ होता. लांब वाचन मधेच अडकायचं. दुसऱ्या दिवशी डेमो. रात्री साडेअकराला ही ओळ घातली, सगळं चालायला लागलं, शेजारी इंग्रजीत "सध्यापुरतं" अशी टीप लिहिली आणि घरी गेलो. महिन्याभरात कंट्रोलरवाल्यांनी आपला घोळ निस्तरला. माझी ओळ मात्र राहिली. सध्यापुरतं सारखं कायमस्वरूपी दुसरं काही नसतं हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि तरी..

खरी फसगत अशी की ड्रायव्हरचा कोड वाचताना तिथे स्वच्छ "रेगमॅप_बल्क_रीड" असंच लिहिलेलं दिसतं. कोणीही म्हणेल, एकदम वाचतोय की. पण बल्क हे नाव म्हणजे विनंती आहे, हमी नाही. तक्त्यात ती ओळ असेल तर रेगमॅप निमूटपणे एकेक खण वाचतो, कुठे तक्रार नाही, कुठे सूचना नाही. एका वेळी जास्तीत जास्त किती बाइट्स, याची मर्यादा घातली असेल तर तेवढे तेवढे तुकडे करतो. खालचा कंट्रोलर मुळात एकेक बाइटच वाचू शकत असेल तरी तेच. आणि कॅश चालू ठेवून "हे खण आपोआप बदलतात" असं सांगायला विसरलात तर त्याहून वाईट, तो जुनीच किंमत देत राहतो. घड्याळाच्या बाबतीत म्हणजे घड्याळ बंद!

उलट काही चिपा तुम्ही एकदम मागितलं तरी देत नाहीत. एलआयएस३डीएच नावाचा एक प्रवेगमापक आहे. खणाच्या नंबरातला सर्वात वरचा बिट चढवला नाही तर तो पुढच्या खणाकडे सरकतच नाही, सहा बाइट्स मागा, एकच खण सहा वेळा हातात ठेवतो. त्यासाठीही तक्त्यात जागा आहे. एकूण काय, ह्या तक्त्यातली प्रत्येक ओळ हा चिपशी केलेला करार आहे, आणि करार करताना समोरच्याचं माहितीपत्रक वाचायचं असतं. हे मी ज्युनिअर्सना सांगतो. असो.

मग एक प्रश्न उरला. हा घोळ लाइट गेल्यानंतरच का व्हायचा? ह्याच योगायोगाने तर काका अडकले होते.

ते उत्तर कागदावर आकडे मांडताना सापडलं. डबा चालू होताना लिनक्स आपलं घड्याळ चिपकडून लावून घेतं, आणि चिप पूर्ण सेकंदच सांगते म्हणून अर्धा सेकंद धरून चालतं. म्हणजे चालू झाल्या झाल्या दोन्ही घड्याळांत फार तर अर्ध्या सेकंदाचा फरक. लिनक्सच्या घड्याळात दहा वाजतात तेव्हा चिपही नेमकी दहाच्या उंबरठ्यावर असते, आणि आम्ही नेमके तेव्हाच सात वेळा दार वाजवतो. डबा न थांबता चालत राहिला तर दोन घड्याळं दिवसाला एखाद-दोन सेकंदांनी लांब जातात, मग वाचन उंबरठ्यापासून दूर पडतं आणि चूक होत नाही. लाइट गेली, डबा बंद पडला, जनरेटरवर पुन्हा चालू झाला, की पुन्हा उंबरठा. जिथे लाइट जास्त जाते तिथे चूक जास्त. जो माणूस लाइट गेल्यावर धावत जाऊन जनरेटर चालू करतो, त्याच्याच नोंदी फाटायच्या.

हे समजलं तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. कॅन्टीनमधे जाऊन नुसताच बसलो थोडा वेळ.

पुरावा मात्र लागणार होता. तर्क ऐकून पगार सुटत नाही. टेबलावरच्या डब्यात न थांबता वेळ वाचत राहणारा एक छोटा प्रोग्रॅम लावला. सलग वाचत राहिलं तर दर मिनिटाचा बदल कुठल्यातरी वाचनाच्या मधेच पडतो, आणि तो नेमका सेकंद आणि मिनिटं यांच्या फटीत पडण्याची शक्यता सातात एक. पहिलं फाटकं वाचन अकराव्या मिनिटाला आलं. तासाभरात सात. मग ती ओळ खोडली, पुन्हा बांधलं, आणि रात्रभर लावून घरी आलो. झोप कसली लागतेय. सकाळी जाऊन पाहिलं तर एकही नाही.

यापुढचा भाग कोडपेक्षा अवघड गेला.

आमचा लीड चांगला माणूस आहे. त्याने सगळं ऐकलं, "मस्त पकडलंस" म्हणाला, आणि पुढे म्हणाला, "अरे रिलीज नोटमधे 'टाइमस्टॅम्प स्टॅबिलिटी सुधारली' एवढंच लिही. सगळे तसंच लिहितात."

खरं आहे, सगळे तसंच लिहितात. मीही लिहिलंय. आपली चूक असते तेव्हा "सुधारणा" आणि दुसऱ्याची असते तेव्हा "दोष". पण "स्टॅबिलिटी सुधारली" वाचून तिकडच्या सुपरवायझरला काय कळणार? त्याच्या लेखी जुन्या नोंदी जुन्याच राहणार, आणि काकाही चोरच.

मी म्हटलं, "तिथे एका माणसाचा पगार अडकलाय."

तो थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लिही सरळ. मी सही करतो. पण आधी सगळ्या केंद्रांच्या नोंदी तपास, अर्धवट नको."

दोन आठवडे त्यात गेले. आठ महिन्यांच्या सगळ्या नोंदी चाळून, लागोपाठच्या दोन नोंदींत एक-दोन सेकंदांचंच अंतर कुठे आहे ते शोधलं. अकरा सापडल्या, सात केंद्रांवर. एकीत मध्यरात्र फाटली होती: तास जुन्या दिवसाचा आणि तारीख नव्या दिवसाची, म्हणजे नोंद एक अख्खा दिवस पुढे. ती कुणी पाहिलीच नव्हती. अकराही वेळा त्या दिवशी आधी डबा बंद पडून चालू झाला होता. मग पत्र लिहिलं, अकरा नोंदींचा तक्ता जोडून, अगदी साध्या भाषेत: वेळ वाचण्यात आमच्या सॉफ्टवेअरची चूक होती. घड्याळाला कोणीही हात लावल्याचा पुरावा नाही. दहाच्या नोंदीतलं तापमान खरं आहे आणि ते जनरेटर चालू असल्याचं दाखवतं.

परवा गुरुवारी नवी आवृत्ती गेली. पगार सुटल्याचं डेअरीकडून कळलं. संध्याकाळी मी काकांना फोन केला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, पण तिकडून "बोला साहेब" ऐकल्यावर निम्मं विसरलो.

"काका, ती नोंदींची चूक आमची होती. माझी."

"व्हय, सांगितलं सुपरवायझरनं. म्हंजे घड्याळच खोटं बोललं म्हणा की."

"घड्याळ खरंच सांगत होतं काका. मी एकदा विचारायचं ते सात वेळा विचारत होतो."

पलीकडे जरा शांतता. मागे कॅन आपटल्याचा आवाज.

"मग एकदाच विचारा की," काका म्हणाले. "आणि कवा आलासा तर ते भिंतीवरलं बी बघा."

काल ऑफिसमधे बसून आमच्या सगळ्या कोडमधे "सध्यापुरतं" अर्थाच्या टिपा शोधल्या. तेवीस निघाल्या. त्यातल्या सहा माझ्या. दोन काढल्या, चार सोमवारी. पुढच्या महिन्यात नोंदी आणायला कोल्हापूरकडे मीच जातोय. भिंतीवरच्या घड्याळासाठी एक सेल घेऊन ठेवलाय.